काढा कोणता, याआधी गोळी कोणती ते बघा

मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस घेतला तर चालेल का, असं विचारलं की सगळे कारल्याबद्दलच बोलू लागतात. खरं उत्तर बहुतेक वेळा गोळीच्या पाकिटावर असतं.

फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यातल्या त्यात मोकळीक आहे. ही गोळी मुख्यतः यकृतात तयार होणारी साखर आवरते, स्वादुपिंडाला जुंपत नाही. म्हणून एकटी असताना साखर फारशी खाली पाडत नाही. (तिचं मूळही गलेगा नावाच्या वनस्पतीतलंच.) मेथीदाणे रात्रभर भिजवले की पाणी बुळबुळीत होतं ना? तो विरघळणारा तंतू. तो आतड्यात साखर सावकाश शोषू देतो, आणि गोळीलाही अडवू शकतो. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवलेलं बरं. पोट मात्र दोन्हींनी बिघडू शकतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेत असाल तर मामला वेगळा. या दोन गोळ्या, तुम्ही जेवलेले असा वा नसा, स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतातच. त्यात कारल्याची किंवा गुडमारची (साखर उतरवण्यासाठी घेतात ती वनस्पती) भर पडली आणि जेवण लांबलं, की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, मीटरवर 70 च्या खालचा आकडा येतो. मग लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बीटा ब्लॉकर (रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी देतात ती गोळी) चालू असेल तर धडधड जाणवेलच असं नाही, घामावरूनच ओळखावं लागतं. उलटंही घडतं: सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे ग्लिक्लाझाइड शरीरातून लवकर निघून जातं. या गटातल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत.

जेवणातलं प्रमाण आणि कॅप्सूलमधला अर्क यांतही फरक आहे. कॅसिया जातीच्या दालचिनीत कूमरिन नावाचं रसायन असतं. चिमूटभर चालते, रोजचे चमचे यकृताला त्रास देऊ शकतात.

सगळ्यांत वाईट पर्याय म्हणजे घटक न छापलेलं चूर्ण. अशा ‘वनौषधीं’त ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध मिसळलेलं सापडलं आहे, आणि लॅक्टिक ॲसिडोसिसमुळे (रक्तात आम्ल धोकादायकरीत्या साचल्यामुळे) अनेक देशांत बंद झालेलं फेनफॉर्मिन हे मधुमेहाचंच औषधसुद्धा. त्यामुळे एखाद्या चूर्णानं चार दिवसांत साखर झपाट्यानं उतरली, तर चालू गोळ्या परस्पर सोडू नका. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.