मसाई मारातली सकाळची सफारी, सेक्रेटरी बर्ड दिसला!

सिंह बघायला सगळेच जातात, मला मात्र सेक्रेटरी बर्ड बघायचा होता आणि आमच्या गाईडने तो दाखवलाच! लांबून मला वाटलं करकोचा चाललाय गवतातून, तर तो म्हणाला पाय बघा, वर काळी चड्डी घातल्यासारखे दिसतात ना, आणि डोक्यामागे काळ्या पिसांचा तुरा. दुर्बिणीतून चेहऱ्याचा नारिंगी रंग काय दिसला यार! सव्वा मीटरभर उंच, शिकारी पक्षी असून चालत चालत शिकार करतो. थांबला, गवतात दणादण लाथा हाणल्या, काहीतरी गिळलं, परत चालू. गाडी लांबच ठेवली, इंजिन बंद, हे फार आवडलं कारण २०२० पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. गाडीत दुर्बीण एकच होती, त्यामुळे आपली न्याच.