अँड्रॉइड ७.०चा जुना फोन टेस्टिंगसाठी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

२ जीबी रॅम, १६ जीबी जागा, अँड्रॉइड ७.० म्हणजे ॲप बनवणाऱ्यांच्या मोजणीत एपीआय २४. कोल्हापुरातल्या जुन्या फोनच्या दुकानातून १,४०० रुपयांना घेतला, सोबत चार्जर मिळाला. कंपनी कुठली याने फरक पडत नाही, मला हवी होती ती आवृत्ती.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते. आमचं दूध संकलनाचं ॲप आहे. सचिव उत्पादकाचा कोड नंबर टाकतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरतात, दर निघतो आणि ब्लूटूथवरच्या छोट्या थर्मल प्रिंटरमधून स्लिप बाहेर येते. वाळवा आणि पलूस तालुक्यांतल्या गावोगावच्या संस्थांमध्ये ते चालतं. संस्थेचा फोन म्हणजे बहुतेक वेळा सचिवांच्या मुलाने वापरून सोडलेला फोन. काच तडकलेली, पण चालू असतो.

प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर ३१ ऑगस्ट २०२५पासून टार्गेट एपीआय (ॲप कुठल्या आवृत्तीचे नियम पाळतं तो क्रमांक) ३५ हवं, असा नियम आला. शेवटच्या आठवड्यात मी कंपाइल (ॲप कुठल्या आवृत्तीवर बांधलं जातं तो क्रमांक) आणि टार्गेट दोन्ही ३५ केलं, माझ्या अँड्रॉइड १५च्या, म्हणजे एपीआय ३५च्या, फोनवर प्रिंटर जोडून दहा स्लिपा काढल्या, सगळं नीट चाललं, अपडेट सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन.

"ताई, ॲप उघडतंय न् लगीच जातंय. बाहेर रांग लागलीया. काय करू?"

"तात्या, सध्या वहीत लिहा. मी बघते."

त्यानंतर सात वाजेपर्यंत आणखी चार संस्थांचे फोन आले.

कारण सापडायला दुपार झाली, आणि ते कारण मी आजही विसरू शकत नाही. छापायच्या स्लिपांची रांग मी एका साध्या म्युटेबललिस्टमध्ये (बदलता येणाऱ्या यादीत) ठेवली होती. पुढची स्लिप काढायला रिमूव्हफर्स्ट. हे कोटलिन भाषेने लिस्टला बाहेरून जोडलेलं एक्स्टेन्शन फंक्शन, आमच्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं. पण अँड्रॉइड १५मध्ये जावाच्या लिस्टलाच, जेडीके २१ या जावाच्या आवृत्तीतून, त्याच नावाची मेथड आली. लिस्टची स्वतःची मेथड असेल तर कोटलिन एक्स्टेन्शनकडे बघत नाही. म्हणजे कंपाइलएसडीके ३५ केलं की तीच ओळ, एकही अक्षर न बदलता, दुसऱ्याच मेथडला जाऊन जोडली जाते. अँड्रॉइड १५वर ती मेथड असते. १४ आणि त्याखालच्या प्रत्येक फोनवर नोसचमेथडएरर (अशी मेथडच नाही) येतो आणि ॲप मिटतं.

आमच्याकडे त्यात आणखी भर पडली. दुधाची नोंद डेटाबेसमध्ये जायची आणि रांगेत स्लिप लागायची. स्लिप काढताना ॲप पडायचं. पुन्हा उघडलं की राहिलेली स्लिप छापायला जायचं आणि पुन्हा पडायचं. सचिवांना नोंदीचा पडदासुद्धा दिसत नव्हता. दुरुस्ती एका ओळीची, रिमूव्हफर्स्टच्या जागी रिमूव्हॲट शून्य. ती प्लेवरून सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत संध्याकाळचं संकलनही वहीवर गेलं. दहा दिवसांच्या बिलाच्या आधी त्या दोन वेळच्या नोंदी आम्ही बसून हाताने चढवल्या.

कोडमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटची न्यूएपीआय तपासणी हा वापर पकडते. ॲप बांधणाऱ्या आमच्या ग्रेडलच्या फाइलमध्ये, लिंटने चूक दाखवली तरी बिल्ड थांबवू नये, अशी ओळ दोन वर्षांपूर्वी मीच घातली होती. ती त्याच रात्री काढली. तुमच्याकडे असेल तर आज काढा. इशारे शेकड्याने येतील, एक रविवार जाईल, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी एसटीने कोल्हापूर गाठून हा फोन घेतला. भाड्याने फोन मिळण्याच्या ऑनलाइन सेवा आहेत, पण त्या मिनिटांवर पैसे घेतात आणि तिथल्या फोनला माझ्या टेबलावरचा प्रिंटर जोडता येत नाही. १,४०० एकदाच जातात.

पहिल्याच दिवशी या फोनने पैसे वसूल केले. ॲप टाकलं, लॉगिन केलं, तर सर्व्हरशी जोडणीच होईना. वायफाय चालू, फोनमधल्या फायरफॉक्समध्ये आमची साइट उघडते, ॲप मात्र जोडणी नाकारतं. फोनमधल्या घडामोडी दाखवणाऱ्या लॉगकॅटमध्ये ओळ होती ट्रस्ट अँकर, म्हणजे विश्वासाचं मूळ प्रमाणपत्र (रूट), सापडत नसल्याची. आमच्या सर्व्हरला लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र आहे. त्यांचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइडच्या यादीत आलं ते ७.१.१पासून. त्याआधीच्या फोनांसाठी आयडेनट्रस्टच्या जुन्या रूटने सही केलेली प्रमाणपत्रांची लांब साखळी असायची. ते जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, पण अँड्रॉइड रूटची मुदत तपासत नाही, त्यामुळे जुने फोन पुढेही चालत राहिले. २०२४मध्ये ती सोय गेली. फेब्रुवारीपासून लांब साखळी आपोआप मिळेना, जूनपासून मागूनही मिळेना आणि ३० सप्टेंबर २०२४ला त्या सहीचीच मुदत संपली. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत बाळगतो, म्हणून तिथे साइट उघडत होती.

हे वाचताना माझ्या पोटात कालवलं, कारण २०२४च्या पावसाळ्यात याच तात्यांनी विचारलं होतं, "नेट हाय, पण अपलोड हुईना." मी त्यांना सांगितलं होतं की फोन जुना झालाय, नवा घ्या. त्यांनी संस्थेच्या पैशातून साडेनऊ हजारांचा फोन घेतला. फोनमध्ये काहीही बिघडलं नव्हतं. इलाज आमच्या हातात होता. ७.०पासून नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग मिळतं. रूटची फाइल रॉ फोल्डरमध्ये ठेवायची, एक्सएमएलमध्ये सिस्टिमच्या यादीसोबत तिचंही नाव द्यायचं आणि मॅनिफेस्टमध्ये त्या एक्सएमएलकडे बोट दाखवायचं. दहा ओळी होतात. अँड्रॉइड ६ आणि त्याखाली ही फाइल वाचलीच जात नाही, तिथे ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीला प्रमाणपत्र कोडमधून द्यावं लागतं.

इथेच आमचं मिनएसडीके, म्हणजे ॲप चालेल ती सगळ्यात खालची आवृत्ती, ठरलं. आधी २१ होतं, कारण प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा तसं आलं होतं. प्ले कन्सोलमध्ये पाहिलं तर ५ आणि ६वर आमचा एकही चालू फोन उरला नव्हता. २४ केलं आणि जुन्या ब्लूटूथ कोडमधल्या सहा-सात इफ उडाल्या. ७.०वरच्या संस्था अजून आहेत, त्यांना सोडायचं नाही. तारखांसाठीचं जावा टाइम मुळात एपीआय २६पासून आहे, पण कोअर लायब्ररी डीशुगरिंग (नव्या सोयी जुन्या फोनवर आणणारी सोय) चालू केल्यावर या फोनवरही चालतं. १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर ही बिलांची फोड त्यावरच आहे. फेब्रुवारीची अखेर, लीप वर्ष असं सगळं तारीख पुढे सरकवून तपासलं, एकदाही चुकलं नाही. डीशुगरिंगबद्दल माझी तक्रार शून्य.

इतपत मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं की सगळ्यात खालचा एक खरा फोन टेबलावर असला की एम्युलेटरची (लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनची) गरज नाही. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालले की पंखा गिरणीसारखा घुमतो, त्यामुळे ते मत मला सोयीचंही होतं. आता ते मागे घेते.

मार्चमध्ये एका संस्थेने नवा फोन घेतला, अँड्रॉइड १५चा. सचिवांचा निरोप आला की सेव्हचं बटण दाबलं तर मागे जातं. मला वाटलं हाताची सवय नसेल. त्यांनी फोटो पाठवला तेव्हा कळलं. टार्गेट ३५ असलेलं ॲप अँड्रॉइड १५वर पडद्याच्या काठापासून काठापर्यंत पसरतं, स्टेटस बार आणि खालच्या नेव्हिगेशन बारच्या मागेही. आमचं सेव्ह बटण निम्मं त्या बारखाली गेलं होतं आणि अंगठा बॅकवर पडत होता. माझ्या स्वतःच्या फोनवर १५च आहे, पण त्यात जेश्चर असल्याने खाली बारीक रेघ असते, बटण मोकळं दिसतं. सचिवांकडे तीन बटणं. ७.०चा फोन तर हे दाखवूच शकत नाही. १५चा एम्युलेटर उतरवला, तीन बटणांवर लावला, दोन मिनिटांत दिसलं. सवलतीची एक ओळ थीममध्ये लिहून १५वर हे टाळता येतं, पण टार्गेट ३६ केलं की अँड्रॉइड १६वर ती सवलत मानली जात नाही, म्हणून इनसेट्स (बारने व्यापलेली जागा) मोजून बटण नीट वर घेतलं.

मग ऑगस्टच्या त्या बगाकडे पुन्हा बघितलं. रिमूव्हफर्स्टसाठी ७.०चा फोन लागतच नव्हता. १४च्या एम्युलेटरवरही पहिल्याच स्लिपेला ॲप पडलं असतं. सर्व्हरची अडचणही ७.०च्या एम्युलेटरवर दिसली असती. घाईत जाऊन फोन घेतला तो चुकीच्या कारणासाठी. घेतला हे मात्र बरं झालं, कारण प्रिंटरशी जोडणी तुटली की पुन्हा कशी जुळते, २ जीबीत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ उघडून परत आलं की ॲप नोंद धरून ठेवतं का, हे या फोननेच शिकवलं. आता अपडेट सोडण्याआधी खालचा खरा फोन आणि सीमेवरच्या आवृत्त्यांचे एम्युलेटर असा क्रम आहे. १२, कारण तिथून ब्लूटूथची परवानगी वेगळी मागावी लागते. १३, कारण तिथून सूचनेलाही परवानगी लागते. मग १४ आणि १५. रात्री जेवायला बसताना ते एकामागून एक लावून ठेवते. ८ ते ११ मी सध्या तपासत नाही, आमच्या कामाचं तिथे काही बदललेलं नाही.

फोनबद्दल तक्रार एकच, बॅटरी. आठ-आठ तास यूएसबीला लावलेला असायचा. डिसेंबरात मागचं झाकण वर आलं, बॅटरी फुगली होती. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने ओरिजिनल म्हणून ४५० रुपयांना दुसरी घातली. ती तीन आठवड्यांत चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडायला लागली. परत घेऊन गेले तर म्हणे गॅरंटी फक्त दुकानात तपासून दाखवेपर्यंत. बिल दाखवलं, अर्धा तास उभी राहिले, जागची हलले नाही, तेव्हा दुसरी घालून दिली. ती अजून टिकून आहे. तेव्हापासून काम झालं की केबल काढते. तुम्हीही काढा, फुगलेली बॅटरी हा पैशाचाच प्रश्न नसतो.

खर्च झाला तो १,४०० आणि ४५०, शिवाय एसटीचं तिकीट. पुन्हा घेईन का, तर हो, फक्त ३ जीबी रॅमचा आणि बॅटरी सहज काढता येणारा.

दहा ओळींची ती दुरुस्ती सोडली त्या आठवड्यात मी तात्यांकडे गेले आणि नवा फोन घ्यायला लावला ती चूक आमची होती हे सांगितलं. पुढच्या वर्षीची ॲपची फी त्यांच्या संस्थेला लावलेली नाही. त्यांनी कपाटातून जुना फोन काढला, अँड्रॉइड ७.०, चार्जिंगला लावला, अपडेट घेतलं. २०२४पासून अडकलेल्या अठरा नोंदी एका दमात वर चढल्या. हिशेब कधीच वहीवरून झालेला होता, त्यामुळे त्या पुन्हा खोडाव्या लागल्या. तो फोन आता संध्याकाळी म्हशीच्या दुधाच्या काउंटरवर असतो, गाईच्या दुधाला नवा. रांगा दोन झाल्यात.