बांबूचे मधमाशीघर: बांधणी उत्तम, सोबतचे औषध नको

फोंड्याजवळच्या एका रोपवाटिकेत मिळणारे बांबूचे मधमाशीघर उन्हाळ्यात विकत घेऊन कुळागराकडच्या पडवीत टांगले. नळ्या आतून गुळगुळीत आहेत, मागची बाजू बांबूच्या गाठीने बंद आहे आणि भोके सहा ते दहा मिलिमीटरची आहेत, जे माप पाने कापणाऱ्या मधमाश्यांना मानवते. लवकरच गुलाबाच्या पानांवर गोल कातरे दिसू लागले आणि नळ्यांची तोंडे हिरव्या चकत्यांनी बुजली. या माशीला राणी नाही की कामकरी नाहीत. एकटी मादी पराग आणि मकरंद कालवून गोळा रचते, त्यावर एक अंडे घालते, कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते.

आक्षेप आहे तो माहितीपत्रकाला. नळ्या बुजलेल्या असल्या तरी दर महिन्याला बुरशीनाशक फवारावे, असे त्यात बजावले असून बाटलीही सोबत दिली आहे. अस्कोस्फेरा या बुरशीने अळ्या कडक होऊन मरतात, त्यामुळे ही भीती निराधार नाही. परंतु परागगोळ्यात यीस्टही नांदतात, आणि तेही बुरशीच्याच सृष्टीतले असल्याने असे औषध त्यांनाही मारू शकते. मकरंदात वाढणारे मेट्श्निकोविया किंवा मधमाश्यांच्या सान्निध्यात वारंवार सापडणारे स्टार्मेरेला हे यीस्ट दाट साखरेतही तग धरतात आणि माशीबरोबर फुलांतून घरट्यात येतात. अमेरिका खंडातील टिलोग्लॉसा या एकांड्या माशीच्या कप्प्यातले पातळ अन्न तर चक्क आंबते, आणि सान्नांच्या, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांच्या, पिठात सूर (माडाची ताडी) घातल्यावर यावा तसा वास त्याला येतो. ऑस्मिया माशीच्या अळ्यांना निर्जंतुक पराग दिल्यावर त्यांची वाढ खुंटली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. म्हणजे परागात वाढलेले सूक्ष्मजीव हा अळीच्या आहाराचाच भाग आहे, आणि तो फवारणीने नासवण्यात काहीच शहाणपण नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कोरडी जागा हाच बुरशीवरचा खरा उपाय आहे. त्या दृष्टीने या घराचे छप्पर फार आखूड आहे. पश्चिमेकडून येणारी झड थेट नळ्यांत शिरते. शिवाय बांबू उघडता येत नसल्याने मेलेल्या अळ्यांचे जुने कप्पे काढता येत नाहीत. आत कागदी नळ्या सरकवल्या असत्या, तर माश्या बाहेर पडल्यावर त्या बदलता आल्या असत्या. पागोळ्यांपासून दूर, सकाळचे ऊन लागेल अशी भिंत असेल तर हे घर जरूर घ्यावे, बाटली मात्र दुकानातच परत करावी.