एअर पिस्तूल, वर्षभर वापरल्यावर: बोलायचंय ते ट्रिगरबद्दल

ग्रिप, साइट, सिलिंडर यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. १० मीटरवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा कुठलंही बरं पिस्तूल नेमका टाकतं. मला लिहायचंय ट्रिगरबद्दल, कारण गेल्या स्पर्धेत त्याच्यामुळेच तपासणीत अडकले.

तिथे पिस्तूल कॉक करून, म्हणजे सुटायला सज्ज करून, नळी सरळ वर धरतात, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पास. माझा सुटला. आदल्या रात्री घरी हेच वजन आरामात उचललं होतं.

विक्रेत्याला फोन केला. पिस्तूल न बघताच उत्तर आलं, ‘ट्रिगर युनिट बदलावं लागेल.’ किंमत ऐकून डोकंच फिरलं. ट्रिगरचं वजन कमी-जास्त करायचा स्क्रू कुठला ते दाखवणारं मॅन्युअलचं पान मागितलं, तेही मिळालं नाही. शेवटी सातपूरच्या एका टूलरूममधल्या ओळखीच्या फिटरदादांकडे गेले. भिंग लावून ते म्हणाले, ‘ताई, सीअरची कड शाबूत आहे. हा स्क्रू फिरतोय बघा.’ (सीअर म्हणजे हातोडा अडवून धरणारा छोटा खटका.) दर शॉटच्या हादऱ्याने तो केसभर सैल होत होता. आटे पुसून थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू जागेवर धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावला, वजन पुन्हा लावलं, काम झालं.

त्या दिवशी आतली रचना नीट बघायला मिळाली. स्प्रिंगने ताणलेला हातोडा सीअरच्या बारीक कडेवर अडकलेला असतो. फर्स्ट स्टेजमध्ये ट्रिगर हलका सरकतो, मग बोट एका जागी थांबतं. तिथून पुढे सेकंड स्टेज: किंचित दाब वाढवला की सीअर सुटतो, हातोडा व्हॉल्व्हवर आदळतो आणि मोजकी हवा छर्ऱ्यामागे जाते. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हातोडा मागे नेण्याचं कामही बोटालाच करावं लागतं, म्हणून ओढ लांब आणि जड. सिंगल ॲक्शनमध्ये हातोडा आधीच मागे असतो, बोट फक्त तो सोडतं. आपलं एअर पिस्तूल या दुसऱ्या जातीचं.

दिवाळीपर्यंत माझं ठाम मत होतं की हे विकून इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं घ्यावं. क्लबातल्या एकाचं वापरून पाहिलं. सुटतं काचेसारखं स्वच्छ, खरंच. पण ५०० ग्रॅमची अट त्यालाही सुटत नाही, आणि बॅटरीची काळजी वेगळी. स्क्रू जागेवर बसल्यापासून माझ्या पिस्तुलाची सेकंड स्टेज इतकी स्पष्ट लागते की आता विकायचा विचार सोडलाय. रोज भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर करते, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढते, ती थांबण्याची जागा बोटाला पाठ झालीय.

घेणाऱ्यांनी एवढं करा: ट्रिगरचं वजन स्वतःच्या वजनकाट्याने नाही, तपासणीचं वजन लटकवूनच बघा, आणि ५०० च्या थोडं वर ठेवा. युनिटचे वाचलेले पैसे मी छर्ऱ्यांच्या डब्यांत घातले. मॅन्युअलचं ते पान विक्रेत्याने अजून पाठवलेलं नाही. परवा पुन्हा मागितलंय.