जिओपॉलिमरसाठी फ्लाय अ‍ॅश की स्लॅग?

जिओपॉलिमर म्हणजे सिमेंटऐवजी वापरायचा बाइंडर (खडी-वाळू धरून ठेवणारा पदार्थ), आणि तो बनतो कारखान्यांच्या कचऱ्यापासून: फ्लाय अ‍ॅश म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख, स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, दळलेली. कमी कॅल्शियमवाल्या फ्लाय अ‍ॅशचे दाणे गोल असतात, त्यामुळे मिश्रण मस्त वाहतं, पण साध्या तापमानाला ती घट्ट व्हायला फार वेळ घेते, म्हणून साधारण ६० ते ८० अंशांवर दिवसभर ठेवावं लागतं आणि तिथे खर्च वाढतो. स्लॅगमध्ये कॅल्शियम भरपूर, गरम करायची गरज नाही, पण सेट इतकी झटपट होते की ओतायलाही वेळ पुरत नाही, शिवाय आकसून बारीक तडे जातात ते वेगळंच. घट्ट व्हायची क्रिया सुरू करायला कॉस्टिक सोडा नि सोडियम सिलिकेट दोन्हीकडे सहसा लागतंच (हातमोजे-गॉगल घाला!), कचरा स्वस्त म्हणून बाइंडर स्वस्त पडेल असं समजू नका. आग-आम्ल सोसायचं असेल, ओव्हनची सोय असेल तर फ्लाय अ‍ॅश. जागेवरच ओतायचं असेल तर त्यातच थोडी स्लॅग मिसळा, नुसती स्लॅग अगदी घाई असेल तरच.