ऐरोलीतली आमची अनुदानित शाळा, ५ पैकी ३ स्टार
मुलगी पाचवीत आहे, इथे तीन वर्षं झाली. शिकवणं खरंच चांगलं, गणिताच्या बाई तर जीव ओतून शिकवतात, फी पण झेपते. पण यंदा मूल्यशिक्षणाच्या तासाला सगळ्यांना एकाच धर्माचं पाठांतर द्यायला लागले, घरी काही न विचारता, आणि ज्या मुलांच्या घरी ते म्हणत नाहीत ती बिचारी मान खाली घालून बसायची, पोरीने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. आम्ही स्वतः देवधर्म करणारे आहोत हो, तरीपण! संविधानाच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे, अनुदानित शाळेत मुलांना धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे किमान ७५ टक्के सदस्य पालक लागतात, निम्म्या बायका, पण बैठकीला आलो आम्ही चौघीच. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, आता संमतीपत्र घेतात आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी त्या तासाला वाचनालय उघडं ठेवतात. ॲडमिशन घेणार असाल तर समितीची बैठक कधी असते ते ऑफिसात आधी विचारून घ्या.