केंद्रक दाखवायचं: कांद्याचा पापुद्रा की गालाच्या पेशी?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाचीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पेशीचं केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला पेशीतला गोलसर भाग, दाखवायचंय. कांदा घ्यावा की गालाच्या आतल्या पेशी, हे तिचं ठरत नाहीये.

खर्चाचा प्रश्नच नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारातला एक कांदा अख्ख्या वर्गाला पुरतो, गालासाठी टूथपिक लागते. रंगवायला कांद्याला आयोडीन, गालाच्या पेशींना मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग.

मेहनतीत कांदा सोपा. पापुद्रा चिमट्याने निघतो, फक्त घडी पडू द्यायची नाही. गाल मात्र हलक्या हाताने खरवडायचा, प्रत्येकाची टूथपिक वेगळी, वापरली की लगेच जंतुनाशकात. गर्दीत हे सांभाळणं अवघडच.

खरा फरक दिसण्यात आहे. कांद्याच्या पेशीतली मोठी रिक्तिका (पाणीदार रसाची पिशवी) केंद्रकाला भिंतीकडे ढकलते, म्हणून ते कडेला दिसतं. ४०० पट मोठं केलं तर बऱ्याचदा केंद्रकाच्या आतला छोटा ठिपका, म्हणजे केंद्रकीही दिसते. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे भाग तिथेच तयार होतात. गालाच्या पेशीत केंद्रक साधारण मधोमध असतं. मिथिलीन ब्ल्यू डीएनएला चिकटतं, त्यामुळे ते गडद निळं उठून दिसतं. शिवाय ते आपलं स्वतःचं! मुलांचे डोळे चमकतात ते इथेच.

केंद्रकपटलाची, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या आवरणाची, छिद्रं दोन्हीत दिसणार नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. गुणसूत्रं (डीएनएचे गुंडाळलेले धागे) बघायची तर कांद्याच्या मुळाचं टोक घ्यावं, तिथल्या पेशी विभागत असतात आणि तेव्हाच ती वेगळी दिसतात.

दिवसभर लोकांना दाखवायचं असेल तर कांदाच, वर ग्लिसरीनचा थेंब, म्हणजे लवकर सुकत नाही. वर्गात चार-पाच मुलांना शिकवायचं असेल तर गालाच्या पेशी.